उशिरा पोचलेलं हसू

सगळं सभागृह डोळे पुसत होतं आणि नेमके तेव्हाच सासरे खो खो हसले.

हसणंही असं तसं नव्हे. मांडीवर थाप मारून, मान मागे टाकून, वर मोठ्यानं, "मी हाक मारून सांगेन म्हणे! वा रे पठ्ठ्या!" ज्याला ऐकू येत नाही त्याला आपला आवाज किती चढलाय तेही कळत नाही. पहिल्या रांगेतल्या बायकांचे रुमाल नाकापाशीच थांबले. डफ वाजवणाऱ्याचा हात अधांतरी राहिला. व्यासपीठावर सासूबाई आंधळ्या म्हातारीचं बोलणं गात होत्या, गळा अगदी भरून आलेला. त्यांनी डोळे उघडले, नवऱ्याकडे पाहिलं, एक सूर तेवढा गिळला आणि पुढे गात राहिल्या.

शेजारच्या खुर्चीतल्या सूनबाईला वाटलं, धरणीनं आत्ताच्या आत्ता पोटात घ्यावं. कारण ते हसू उशिरा पोचवणारा प्रोग्रॅम तिनं लिहिला होता.

सासूबाई दर रविवारी संध्याकाळी या सभागृहात गात-गात निरूपण करत. थोडं गाणं, थोडी गोष्ट, मध्येच कुणाला तरी चिमटा. हसता हसता आपले हात कधी जोडले गेले ते ऐकणाऱ्याचं त्यालाच कळत नसे. आणि गोष्टीच्या शेवटी त्यांची एक रीत होती. शेवटच्या ओळीचा शेवटचा शब्द त्या स्वतः म्हणत नसत. सूर धरून ठेवत, हात पुढे करत, आणि पहिल्या रांगेतून सासरे तो शब्द देत. ही देवघेव लग्नाच्याही आधीची. सासूबाईंची धाकटी बहीण, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या मावशी, तर म्हणायच्या, "लग्न जमलं ते तेवढ्यावरच. बाकी भावोजींकडे होतं काय?"

मग सासऱ्यांचे कान गेले. आधी थोडे, मग पार. कानात घालायची यंत्रं आणून झाली. ती शिट्या मारायची, एवढाच त्यांचा उपयोग. सासरे घरी बसू लागले. "मी तिथं येऊन करू काय? सभागृहात खांब का कमी आहेत?" इकडे शेवटच्या ओळीपाशी सासूबाईंचा हात सवयीनं पुढे जाई, रिकामा परत येई, आणि आपला शब्द त्या आपणच म्हणून टाकत. गोष्ट संपे, पण जिथं टेकायची तिथं टेकत नसे.

सूनबाई वजनकाटे बनवणाऱ्या एका कारखान्यासाठी संगणकाच्या सी भाषेत प्रोग्रॅम लिहायची. तिनं एक बेत केला. मावशींनी जन्मभर कोर्टात साक्षी टाइप केल्या होत्या. साक्षीदारानं तोंड उघडायच्या आत त्यांची बोटं हलतात अशी त्यांची ख्याती. त्यांनी व्यासपीठाच्या कडेला बसून निरूपण टाइप करत जायचं. सूनबाईच्या प्रोग्रॅमनं ते शब्द उचलून एका फाइलमध्ये जपायचे, आणि मोठी अक्षरं काढणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅमच्याही हाती द्यायचे. त्यानं ते सासऱ्यांच्या मांडीवरच्या पाटीएवढ्या पडद्यावर उमटवायचे. घरी करून पाहिलं तेव्हा झकास चाललं होतं. म्हणून तर सासरे तयार झाले. "एकदा येतो," ते म्हणाले. "फजिती झाली तर पुन्हा नाव काढायचं नाही."

आणि फजिती झाली ती अशी. पडदा बराच वेळ कोराच. सासरे त्याच्याकडे बघताहेत, आजूबाजूचे हसताहेत, आणि यांना काही पत्ता नाही. मग एकदम ढीगभर मजकूर धबाधबा येऊन पडला, मधल्या शब्दात तुटलेला. सासरे बोट ठेवून वाचू लागले. विनोदापाशी पोचले तेव्हा गोष्ट पुढे रडण्यापाशी पोचली होती. शेवट तर त्यांना मिळालाच नाही. शेवटचा सूर विरला, सभागृहाचे दिवे गेले आणि पडदाही मेला.

घरी आल्यावर सासरे बूट न काढताच बसले.

"मी खांब बरा होतो," ते म्हणाले.

कुणी समजूत तरी कशी घालणार? बोलून त्यांना ऐकू तरी काय जाणार होतं? मग त्यांनीच मान वर केली.

"पण काय गं, त्या तेलवालीचं शेवटी झालं काय?"

गोष्ट तेलवालीची होती. डोंगरावर देवाचा एक दिवा आहे असं ऐकून ती घागरभर तेल घेऊन निघते. वाटेत ज्याच्या त्याच्या घरात अंधार. जो तो थोडं तेल मागतो आणि ही देत सुटते. सासऱ्यांना घागर अर्धी होईतोवरचं मिळालं होतं. पुढचं यंत्रात कुठेतरी गडप.

सासूबाईंनी पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, "निरूपण व्यासपीठावर होतं. जेवणाच्या टेबलावर नाही."

"म्हणजे सांगणार नाहीस?"

सासूबाईंनी त्याच वाक्याखाली दोन रेघा ओढल्या.

सासऱ्यांनी मावशींकडे पाहिलं. मावशींनी तोंडावर बोट ठेवलं. बहिणीनं आधीच बजावलं होतं. मग मुलाकडे पाहिलं. मुलगा मिनीबस चालवायचा आणि दिवसभराच्या फेऱ्या करून सभागृहात मागच्या रांगेत टेकायचा. त्यानं दोन्ही हात गालाखाली घेऊन झोपल्याची खूण केली.

"स्वतःच्या आईच्या निरूपणाला झोपतोस?" सासरे ओरडले. "आणि मी इथं कानांसाठी तडफडतोय!"

सूनबाईनं आशेनं ती जपलेली फाइल उघडली. निदान तिथं तरी शेवट असेल. फाइलमध्ये शेवटचं वाक्य होतं, "बाईनं घागर उपडी करून पाहिली तो काय, आत एक थें". पुढे काही नाही. बिंदू आहे, ब सुद्धा नाही.

सासऱ्यांनी ते वाचलं आणि डोकं धरलं. "थेंब होता की नव्हता?"

"पुढच्या रविवारी तीच कथा पुन्हा सांगणार आहे," सासूबाई सुनेकडे वळून म्हणाल्या. सासऱ्यांना ऐकू जाणार नव्हतं तरी आवाज हळू केलाच. "यायचं तर येतील. तुझं यंत्र नीट झालं पाहिजे मात्र. दुसऱ्यांदा असं झालं तर ते उंबरठा ओलांडायचे नाहीत, मी ओळखते त्यांना."

"आई, लोक म्हणतील, तीच गोष्ट काय पुन्हा."

"म्हणू देत. लोकांनाही कुठं पहिल्यांदा कळते?"

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर सूनबाई घरच्या टेबलाशी बसली. प्रोग्रॅम चालवला, टाइप केलं, एंटर मारलं. ओळ पडद्यावर हजर. पुन्हा एक ओळ, हजर. हा तर शहाण्या मुलासारखा वागतोय! मग सभागृहात याच्या अंगात काय संचारलं? तिनं सभागृहातलं सगळं एकेक आठवलं. तिथं काय होतं जे इथं नाही? मावशी, डफ, गर्दी... आणि तो दुसरा प्रोग्रॅम. घरी तिनं मोठ्या अक्षरांचा प्रोग्रॅम जोडून कधी पाहिलंच नव्हतं. आपल्या प्रोग्रॅमची अक्षरं थेट पडद्यावर पाहिली होती आणि खूश झाली होती.

तिनं दुसरा प्रोग्रॅम जोडला आणि टाइप करू लागली. पडदा कोरा. आणखी टाइप केलं. कोरा. जे सुचेल ते लिहिलं, नवऱ्याच्या घोरण्याचं वर्णन लिहिलं, सासूबाईंच्या रागाचे प्रकार लिहिले. बोटं दुखायला लागली तेव्हा सगळं एकदम धाडकन पडद्यावर आलं, आणि नेमके तेव्हाच सासूबाई मागून आत आल्या.

"हा चौथ्या प्रकारचा राग म्हणजे काय गं?"

"आई, सापडलं!" सूनबाईनं खुर्चीतून उठून त्यांना मिठीच मारली. सासूबाईंचा चौथा प्रकार जागच्या जागी विरघळला.

जेवताना सगळे बसले तेव्हा ती भरभरून सांगायला लागली. "सीला एक सवय आहे. समोर थेट पडदा असला की ओळ संपली की अक्षरं सोडून देतं. पण समोर दुसरा प्रोग्रॅम किंवा फाइल असली, की अक्षरं आपल्याजवळ एका जागेत साठवत बसतं. त्या जागेला बफर म्हणतात. जागा गच्च भरली की मगच सगळी एकदम पुढे. एकेका अक्षरासाठी हेलपाटे नकोत म्हणून."

"मला काही कळलं नाही," मावशी म्हणाल्या.

सूनबाईनं नवऱ्याकडे बोट केलं. "याची मिनीबस."

"माझ्या बसनं कुणाचं काय बिघडवलं?" नवरा घास हातात धरून म्हणाला.

"भरल्याशिवाय हलते का ती?"

"मग काय रिकामी पळवू? डिझेल तू घालणार आहेस?"

"तेच सी म्हणतं! आणि पहिला बसलेला माणूस शेवटचा चढेपर्यंत ताटकळतो. तसे बाबा ताटकळले."

"मग यावर उपाय काय?" मावशींनी विचारलं.

"एफ-फ्लश. म्हणजे, गाडी भरली नसली तरी चालेल, आहेत तेवढे घेऊन आत्ता नीघ. मी ते प्रत्येक अक्षरानंतर घालते. मावशींनी कळ दाबली की अक्षर थेट बाबांच्या मांडीवर."

"एकेक माणूस घेऊन फेऱ्या!" नवरा हळहळला. "दिवाळं निघेल सीचं."

सासूबाई विचार करत होत्या. "आणि शेवट का हरवला? गाडीत चारच जण उरले आणि संध्याकाळ झाली, तर तू काय करतोस रे?"

"त्यांना सोडून येतो, आई. त्यांना आत ठेवून गाडीला कुलूप लावीन का मी?"

"सीलाही तसं सांगायची सोय आहे," सूनबाई म्हणाली. "एफ-क्लोज. त्यानं आत उरलेलं सगळं पोचवायचं आणि मग दार लावायचं."

"ते लिहायला विसरलीस?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही हो, लिहिलंय. सगळ्यात शेवटच्या ओळीत. पण तिथवर प्रोग्रॅम पोचलाच नाही, त्याच्या आधीच वीज..." ती थांबली. टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी एकदमच म्हटलं, "खटकाकाका!"

सासऱ्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. "काय म्हणाले? थेंब होता का?"

खटकाकाका सभागृहाची देखभाल करायचे. मुख्य विजेचा खटका त्यांच्या हाती, म्हणून हे नाव. शेवटचा सूर विरला रे विरला, की ते खटका खाली ओढत. सगळं सभागृह अंधारात जाई, क्षणभर कुणी हलत नसे, मग ते दाराशी एक कंदील धरून उभे राहत. वीज वाचवायला म्हणून त्यांनी हे सुरू केलं होतं, पण पुढे त्यात त्यांचा भक्तिभावच उतरला होता. सूनबाई त्यांना भेटायला गेली तेव्हा ते खुर्च्यांचे पाय पुसत होते.

"काका, रविवारी खटका थोडा उशिरा ओढाल का?"

"उशिरा?" काकांचं फडकं थांबलं. "बाई, सुराच्या पाठीला अंधार लागला पाहिजे. मध्ये फट राहिली की लोक चपला शोधायला लागतात."

"पण तुम्ही वीज घालवता आणि आईंचे शेवटचे शब्द आतच मरतात हो. बाबांना शेवट कळलाच नाही."

काकांना हे माहीत नव्हतं. त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे माझ्यामुळे ते..."

"एकट्या तुमच्यामुळे नाही, माझ्या प्रोग्रॅममुळेही. असं करू या. शेवटी मावशी एक कळ दाबतील. मग माझा प्रोग्रॅम फाइल बंद करायला सांगेल. बंद करताना एफ-क्लोज एक उत्तर देतं. शून्य आलं म्हणजे सगळं पोचलं, दुसरं काही आलं म्हणजे कुठेतरी अडलं. मी आजवर ते उत्तर कधी ऐकलंच नव्हतं, कुणी फारसं ऐकत नाही. आता ऐकणार. शून्य आलं की पडद्यावर 'बंद झालं' असं उमटेल. ते दिसलं की मी हात हलवीन, मग आणखी दोन श्वास थांबा, तेवढ्यात डिस्कवर सगळं बसेल. मग ओढा."

"दोन श्वास," काका पुटपुटले. "माझे श्वास की तुझे? मला दमा आहे."

"तुमचे, काका."

रविवार आला. सासरे आले, पण दाराजवळची खुर्ची धरली. पुन्हा तसं झालं तर पटकन सटकता यावं म्हणून. सासूबाईंनी व्यासपीठावरून पाहिलं, बोलल्या काहीच नाहीत. फक्त बोट केलं: पहिली रांग. सासरे उठून सूनबाईच्या शेजारी आले.

डफावर थाप पडली. सासूबाईंनी पद धरलं:

"तेल आहे थोडे आणि वाट आहे दूर..."

सूनबाईची नजर गाण्याकडे नव्हतीच, ती सासऱ्यांच्या मांडीवर. पडद्यावर एक अक्षर आलं. मग दुसरं. जणू कुणी समोर बसून लिहीत होतं. ते, तेल, तेल आ... सासऱ्यांचा पाय ठेक्यावर हलायला लागला. किती दिवसांनी! सूनबाईनं श्वास सोडला.

गोष्ट कंजुषाच्या दारी आली. तेलवाली त्याच्या दिव्यात तेल घालते. तो म्हणतो, लाव दिवा, पण मला झोप लागली की लगेच विझव हं. ती विचारते, "अहो, पण तुम्हाला झोप लागली हे मला कळायचं कसं?" इथं सासूबाई नेहमी थांबत, सभागृहावरून नजर फिरवत, लोकांना चांगलं ताणत.

त्या थांबल्या. आणि त्या शांततेत सासरे खो खो हसले.

"मी हाक मारून सांगेन की! हा हा हा!"

सासूबाईंनी कमरेवर हात ठेवले. "अहो! अजून मी सांगितलंय कुठे?"

सगळ्यांनी मावशींकडे पाहिलं. मावशी कीबोर्डमागे जेवढं लपता येईल तेवढं लपल्या. "ताई, सवय गं! मागच्या वेळी ऐकलं होतं ना, बोटं पुढे गेली."

मग जे हसू उसळलं त्याला काही सुमारच नाही. डफवाल्यानं डफ मांडीवर टाकला. सासऱ्यांना आपण काय केलं ते उशिरा कळलं, आणि ते पुन्हा एकदा हसले, या वेळी सगळ्यांच्या बरोबर. मुलगा मागच्या रांगेत जागा झाला. "काय झालं? पोचलो का?" हे त्यानं शेजाऱ्याला विचारलं तेही लोकांनी ऐकलं.

पण पुढे आंधळी म्हातारी आली. तिलाही दिवा हवा असतो. तेलवाली विचारते, आजी, तुला दिव्याचा काय उपयोग? म्हातारी म्हणते, "मला नको गं. माझा मुलगा कधी परत आला, तर त्याला घर दिसायला हवं." पडद्यावर अक्षरं एकेक करून आली आणि सभागृहातले रुमाल निघाले तेव्हाच सासऱ्यांचाही रुमाल निघाला. एका क्षणाचाही फरक नाही. सासूबाईंनी ते पाहिलं. या वेळी त्यांना सूर गिळावा लागला नाही. उलट तो असा वर गेला की डफवाला मागे धावला.

शेवट जवळ आला. तेलवाली डोंगरावर पोचते. घागर उपडी करून पाहते तो काय, आत एक थेंब नाही. सासऱ्यांनी मांडीवर मूठ आपटली. आठवडाभर त्या थेंबासाठी ते झुरले होते. बाई रडत म्हणते, देवा, तुझ्यासाठी काहीच उरलं नाही. आणि देव म्हणतो, वेडे, मागे वळून बघ. ती वळते. खाली दरीभर, घराघरांत, दिवेच दिवे.

सासूबाई उभ्या राहिल्या:

"तेल आहे थोडे आणि वाट आहे दूर,
घागर झाली रिकामी, उजेडाला आला..."

सूर थांबून राहिला. मावशींची बोटंही थांबली. पडद्यावर 'आला' नंतर कर्सरची काडी लुकलुकत होती, नुसती लुकलुकत.

सासऱ्यांनी पडदा हलवला. मग सुनेकडे अशा नजरेनं पाहिलं की ती खुर्चीतून अर्धी उठलीच. पुन्हा अडकलं! पुन्हा शेवटालाच! दाराजवळ खटकाकाकांचा हात वर गेला होता आणि हवेतच थांबला होता.

सूनबाईनं पटकन मावशींच्या हातांकडे पाहिलं. ते कीबोर्डवरून उचललेले होते. म्हणजे आत काहीच अडलेलं नव्हतं. जे होतं ते सगळं पोचलं होतं. तिनं सासऱ्यांकडे पाहून मान हलवली, दोन्ही तळवे उघडे करून दाखवले: माझ्याकडे काही नाही. आणि व्यासपीठाकडे बोट केलं.

सासऱ्यांनी पडद्यावरून नजर उचलली. समोर सासूबाई उभ्या होत्या. डोळे मिटलेले, सूर धरलेला, आणि हात पुढे केलेला.

त्यांना आठवलं. ओठ हलले. दूर... दूर... आणि मग ते उठून उभे राहिले, मांडीवरचा पडदा सुनेच्या मांडीवर घसरला, आणि छप्पर हलेल अशा आवाजात त्यांनी शब्द दिला:

"पूर!"

"उजेडाला आला पूर!" सगळं सभागृह त्यांच्या मागून गायलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. सासूबाई गात होत्या आणि गालांवरून पाणी वाहत होतं, आणि हसतही होत्या, आणि सासरे त्यांच्याकडे बघून ठेका धरत होते. पडद्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मावशींनी गडबडीत तो शब्द टाइप केला आणि डोळे पुसायच्या आधी आठवणीनं शेवटची कळ दाबली. सूनबाईच्या मांडीवर अक्षरं उमटली: बंद झालं.

तिनं दाराकडे हात हलवला. खटकाकाकांनी मान डोलावली. एक श्वास घेतला. दुसरा घेतला. खटक्यावर हात ठेवला आणि सभागृहाकडे पाहिलं: उभे राहिलेले लोक, उजळलेली तोंडं, सगळे दिवे.

त्यांनी हात काढून घेतला.

"राहू दे गं आज," ते सूनबाईला म्हणाले. "या गोष्टीनंतर दिवे घालवायचे म्हणजे..." आणि पुढे काही न बोलता कंदील मात्र लावलाच.

बाहेर मिनीबस उभी होती. सासूबाई, सासरे, मावशी, सूनबाई आत बसले. सासरे मोठ्या आवाजात सगळ्यांना सांगत होते की थेंब नसणार हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. मुलगा खाली उभा राहून लोकांना बोलावत होता, "चला, आणखी सहा जण मावतील! दोन मिनिटं थांबतो, गाडी भरू दे!"

"नीघ!" सासूबाई आणि सूनबाई एकदमच ओरडल्या.

सासऱ्यांना ते ऐकू गेलं नाही. पण त्यांनी बसच्या पत्र्यावर आतून ठेका धरला होता, आणि मुलाला तीच निघायची खूण वाटली. गाडी अर्धी रिकामी निघाली.